मोरितोचा बाप्तिस्मा

१२ मार्च

लोसादाने माझी मोठी परात नेली ती अजून परत केलेली नाही. काल निरोपाच्या जेवणाला भाजलेलं डुक्कर वाढायला म्हणून नेली. आज दिवस चांगला वर आल्यावर मागायला गेले, तर त्याची बायको दारातच उभी राहून सांगते, सार्जंट झोपलेत. झोपू दे. पण परात काय त्याच्या उशाखाली आहे? बिस्किटांचं पीठ मी कशात मळू, त्याच्या टोपीत?

हे सांगून झालं. आता नमस्कार. वहीला आधी नमस्कार घालायचा असतो असं युरानी म्हणते. युरानी माझी नातसून, पोटुशी आहे, आणि तिला सगळ्या गोष्टींची रीत ठाऊक असते. वही माझ्या नातवाने दिली, आर्बेईने. काल बसमध्ये चढता चढता माझ्या हातात कोंबली आणि म्हणाला, "लेओआई, मी नाही तोवर तू शिव्या कुणाला देणार? हिच्यात दे." लेओआई म्हणजे मी, लेओनिल्दे. अक्षरं मला फार उशिरा आली. चर्चच्या मागच्या खोलीत नन्सनी शिकवली, तोवर गुडघे गेले होते. म्हणून माझ्या ओळी डोंगर चढतात. चढू देत.

आर्बेई अरबांच्या देशात गेला. तेलाच्या टाक्यांवर पहारा करायला. मिसरूड फुटल्यापासून तो सैन्यात होता, जंगलात मलेरिया काढले, आणि निवृत्त झाल्यावर नेइवा शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या दारात बायकांच्या पिशव्या तपासत उभा. मग एवेलिओ लोसादाने हे काम आणलं. लोसादा निवृत्त सार्जंट आहे, कुठल्याशा परदेशी कंपनीसाठी माणसं जमवतो, आणि आर्बेईचा धर्मबापही आहे, चर्चमध्ये देवासमोर पोराची जबाबदारी घेणारा. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर मीच त्याच्या हातात दिलं होतं. तेव्हापासून तो मला कोमाद्रे म्हणतो, मी त्याला कोम्पाद्रे. या नात्यात भांडायचं नसतं. सख्ख्या भावाशी भांडलेलं चालतं, कोम्पाद्रेशी नाही.

काल जेवताना लोसादाने कागद पुढे सरकवला. आर्बेईने पेन उचललं. मी म्हटलं, वाच आधी. टेबलावर असं शांत झालं की जणू मी सूपमध्ये थुंकले. धर्मबापाने पुढे केलेला कागद आमच्याकडे वाचत नाहीत. वाचला म्हणजे त्याच्या तोंडावर सांगितलं की तुझा भरवसा नाही. मग मीच ओढला आणि बोट ठेवून वाचायला लागले. पहिल्या ओळीत कंपनीचं नाव होतं, ते इंग्रजीत, तिथेच अडकले. युरानीने माझ्या बोटाखालून कागद काढून घेतला. "आजी, लाजवू नका." आर्बेईने सही केली. लोसादा हसत म्हणाला, कोमाद्रेना वाचायला आल्यापासून गावात कुणाची खैर नाही. सगळे हसले. डुक्कर बरं झालं होतं, हे मात्र मान्य करते.

२० मार्च

पोचला. फोनवर त्याचा आवाज रेकॉर्ड होऊन येतो, तो युरानी मला ऐकवते. ऊन आपल्यासारखंच, जेवण बरं, डुक्कर मिळत नाही. मोठ्या शहरात ठेवलंय, खोलीत थंड हवेचं यंत्र आहे. मी उलट निरोप पाठवला की त्या यंत्रासमोर उघड्या छातीने झोपू नकोस.

६ एप्रिल

मुलगा झाला. आर्बेईसारखेच कान, पालथ्या बशा. युरानी रडली, तिची आई रडली, मी पाणी तापवलं. बाप्तिस्मा न झालेल्या पोराला आमच्याकडे मोरितो म्हणतात, म्हणजे अजून देवाच्या वहीत न चढलेला. अशा पोराला चेटकिणी हुंगत येतात. मी काही मानत नाही. तरी कात्री उघडून क्रूस करून त्याच्या उशीखाली ठेवली. ठेवायला काय जातं.

२७ एप्रिल

आर्बेईला हलवलं. म्हणतो, विमानाच्या खिडक्या झाकलेल्या होत्या, फोन काढून घेतले होते, आता परत दिले. टाक्या नाहीत, तेल नाही, लाल वाळू आहे आणि तोफांचे आवाज. माणसं काळी, आपल्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्यासारखी, पण हाडं वर आलेली. देशाचं नाव सुदान.

लोसादाला विचारलं. म्हणाला, बदली झाली, बढतीसारखीच समजा, कोमाद्रे. मला काही त्यातलं कळत नाही. वाळवंट ते वाळवंट. पण टाक्या नसतील तर पहारा कशावर करतोय?

११ मे

आर्बेई शिक्षक झाला.

आज सकाळी निरोप आला, तेव्हा बिस्किटांचा पहिला घाणा भट्टीत होता. "लेओआई, मला पोरं दिलीत शिकवायला." लढाईच्या मुलखात कुणाला तरी पोरांची आठवण झाली म्हणायची. आर्बेई शांत स्वभावाचा, त्याच्याकडून पोरं शिकतील. बिस्किटांसाठी रांग लागली होती, सगळ्या रांगेला सांगितलं. रुबिएलाचा पोरगा सातवीत दोनदा बसलाय, तिला मुद्दाम मोठ्याने सांगितलं.

आर्बेईने विचारलं होतं की आपल्या गल्लीतला रुबिएलाचा तो पोरगा आता किती उंच झाला. "माझी पोरं तेवढीच असतील," म्हणाला. मी निरोप दिला की तो भट्टीच्या कठड्याएवढा झालाय, आणि शिकवायच्या आधी तुझ्या पोरांना हात धुवायला लाव. त्यावर त्याचं उत्तर आलं नाही. कामात असेल.

२५ मे

मी सांगितलं होतं, पाढे गाऊन घे, गाऊन घेतले की डोक्यात राहतात. आर्बेई म्हणतो, "फार लवकर शिकतात गं. हेच वाईट आहे." मी म्हटलं, मोठेपणा मिरवू नकोस, मास्तर चांगला असला की पोरं शिकतात. सकाळी त्यांना रांगेत चालवतो म्हणे. ते उत्तम. इथल्या शाळेतही चालवायला हवं, नुसती टोळकी करून उभी असतात.

मग त्याने भलतंच विचारलं. लहानपणी कोंबडी मारायला मी त्याला कशी शिकवली होती ते आठवतं का. आठवतं, डोळ्याकडे बघायचं नाही, मानेकडे बघायचं. म्हटलं, आता हे कशाला? तर म्हणाला, सहज.

त्याचा आवाज बसलाय. वाळू जात असेल घशात. मध नाही का मिळत तिकडे?

८ जून

लोसादा स्वतः घरी आला, मोरितोसाठी चांदीचं कडं घेऊन. म्हणाला, बापाचा धर्मबाप मी, पोराचाही मीच होईन. सान पेद्रोच्या सणानंतरच्या रविवारी बाप्तिस्मा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची नवीन माणसं घेऊन बस निघणार आहे, त्यांनाही चर्चमध्ये आशीर्वाद मिळेल, एकाच खर्चात दोन कामं.

त्याच्याकडे बघताना आज मला पहिल्यांदा जाणवलं की या गावात त्याची किती धर्मपोरं आहेत. सगळी त्याला बाबा म्हणतात. आणि बसमध्ये चढतात तीही तीच. इतर लोक कॉफी लावतात, याने पोरं लावली. पण हा विचार दुष्ट आहे, कडं वजनदार आहे, आणि युरानी हो म्हणाली. मीही हो म्हटलं.

१६ जून

घाणा करपला. आख्खा. माझ्या भट्टीत इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

युरानीने निरोप आधी एकटीने ऐकला होता आणि फोन पोराच्या दुपट्यात लपवला होता. तिचा चेहरा बघितला आणि म्हटलं, लाव. तिने लावला. आर्बेई म्हणत होता:

"लेओआई, मी शाळेत नाही. मी त्यांना बंदूक शिकवतो. खांद्याला लावून उभी केली की त्यांच्या डोक्याच्या वर जाते. काल एकाला वय विचारलं. त्याने दोन्ही हातांची बोटं दाखवली, पुरली नाहीत म्हणून एक पाय पुढे केला. मी आज साहेबाला सांगितलं, यापुढे मी शिकवणार नाही. आता काही दिवस माझा निरोप आला नाही तर घाबरू नकोस."

मी घाबरले नाही. मी भट्टीपाशी गेले, तर धूर.

मी रांगेला सांगितलं होतं तो मास्तर झाला म्हणून. कौतुकाने सांगितलं होतं. पाढे म्हणून घे म्हणाले होते मी त्याला. दुपारी रांग लागली तेव्हा सगळ्यांना खरं सांगितलं, तो काय शिकवत होता आणि कुणाला. रुबिएला बिस्किटं न घेता गेली. जाताना म्हणाली, लेओनिल्दे, असली गोष्ट घरात ठेवतात. मी म्हटलं, मास्तर झाला तेव्हा घरात ठेवली नव्हती, आता कशी ठेवू.

१७ जून

लोसादाकडे गेले. तो अंगणात झोपाळ्यावर होता. बसा म्हणाला, मी उभी राहिले. ऐकून घेतलं त्याने सगळं, मान हलवत, पाद्री कबुलीजबाब ऐकतो तसं. मग म्हणाला, आर्बेई थकलाय, वाळवंटात माणसं हळवी होतात. म्हणाला, तिकडे पोरं लवकर मोठी होतात. म्हणाला, करार सही केलेला आहे.

मी विचारलं, त्याला परत कोण आणणार? तो म्हणाला, ते कंपनीचं काम. मी फक्त माणसांची गाठ घालून देतो. कंपनी कुठे आहे? दुसऱ्या देशात एक कचेरी आहे. तिचा मालक कोण? ती आणखी एका देशातल्या कचेरीची आहे. आणि ती? लोसादाने झोपाळ्याला पायाने झोका दिला.

"म्हणजे इतका मोठा संसार आणि बाप कुणीच नाही," मी म्हटलं.

"कोमाद्रे, उगाच कडू बोलता."

परात त्याच्या कोंबड्यांपुढे पडली होती, दाणे टाकून. मी दाणे ओतले आणि परात उचलून घरी आणली.

२३ जून

आठवडाभर काही नाही. आज लेखी निरोप आला. आवाज नाही, टाईप केलेला. सगळं ठीक आहे, कामात आहे, बाळाचा बाप्तिस्मा ठरल्याप्रमाणे करा, सार्जंट लोसादांना सादर प्रणाम.

आर्बेईची बोटं केळ्यांसारखी आहेत. त्याने जन्मात टाईप केलेलं नाही. आणि सादर प्रणाम त्याने बिशपलाही केला नसता.

मी हे बोलले तेव्हा युरानी माझ्यावर उलटली. पहिल्यांदाच. म्हणाली, "मग काय करू आजी? भांडू लोसादाशी? आर्बेईला परत आणायची चावी फक्त त्याच्याकडे आहे. तुम्ही शिव्या देऊन मोकळ्या होता, भोगतो तिकडे तो." पोर रडत होतं, तिने छातीशी धरलं आणि तशीच बोलत राहिली. कंपनीला राग आला तर त्याला सगळ्यात पुढे उभा करतील. लोसादा धर्मबाप झाला तर तो घरचा राहील. घरच्या माणसासाठी माणूस शब्द टाकतो.

ती चुकीची आहे असं मला म्हणता येत नाही. माझ्या तोंडापायी आर्बेईचं काही झालं तर? हे मी इथे लिहिते, कुणाला सांगणार नाही.

पण घरचा तर तो होताच. आर्बेईला त्याने घरचा माणूस म्हणूनच पाठवलं.

३० जून

चर्च भरलेलं. सणाच्या पताका अजून उतरवलेल्या नव्हत्या. लोसादा पांढऱ्या सदऱ्यात, नवी टोपी छातीशी. मागच्या बाकांवर त्याची धर्मपोरं, उद्याच्या बसची, केस कापून आलेली. मोरितो माझ्या हातात होता. मी युरानीकडून सकाळीच घेतला होता आणि परत दिला नव्हता. तिला वाटलं मी शेवटी वळणावर आले. मलाही नक्की माहीत नव्हतं मी काय करणार आहे.

पाद्री ओक्ताव्हिओ नवा आहे, पितालितो गावचा, तरुण, प्रवचनात घाम पुसत असतो. त्याने लोसादाला पुढे बोलावलं आणि विचारलं, या मुलाला वाढवायला त्याच्या आईबापाला मदत करण्याची जबाबदारी तुम्ही घेता का?

"नाही," मी म्हटलं.

पाद्री म्हणाला, लेओबाई, प्रश्न तुम्हाला नाही.

"म्हणूनच मी बोलते. सार्जंट लोसादांच्या नावावर याच चर्चमध्ये एक पोर आधी चढलेलं आहे. आर्बेई पेर्दोमो. ते पोर आज कुठे आहे ते त्यांनी सांगावं, मग दुसरं घ्यावं."

मी कोम्पाद्रे म्हटलं नाही, सार्जंट लोसादा म्हटलं. तेवढ्यानेच पहिल्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मी काय केलं ते त्यांना कळलं. लोसादालाही कळलं, त्याची मान लाल झाली. तरी तो हसला. आर्बेई मजेत आहे म्हणाला, गेल्या आठवड्यातच निरोप आला ना तुम्हाला.

"मग फोन लावा."

"आता? तिकडे कामाची वेळ असेल."

"तिकडे संध्याकाळ आहे. मी त्याचे निरोप ऐकत आले, मला तिकडची घड्याळं कळतात. लावा."

त्याने हात पुढे केले, पोर घ्यायला. मी पोर दिलं नाही. युरानी मागून माझी शाल ओढत होती. मला वाटलं आता पाद्री मला बाहेर काढणार. त्याने हातातला पाण्याचा शिंपला खाली ठेवला, कपाळ पुसलं आणि म्हणाला, "लावा, सार्जंट. आम्ही थांबतो."

लोसादाने लावला, कानाशी धरला. तेव्हा मागच्या बाकावरून एदिल्बेर्तो उठून आला. हा वीटभट्टीवाल्याचा मुलगा, उद्याच्या बसचा. बाबा, सगळ्यांना ऐकू द्या, असं आदबीने म्हणून त्याने लोसादाच्या हातातला फोन काढला आणि आवाज मोठा केला.

कुणीतरी आपल्याच भाषेत बोलला, आपल्यातलाच होता, राजधानीकडचा, बोगोताचा वाटला. लोसादाने पेर्दोमो आहे का विचारलं.

"कुठला पेर्दोमो? पोरांना शिकवणार नाही म्हणतो तो? तो डब्यात आहे, सार्जंट. तुम्हाला कळवलं होतं की."

"कसला डबा?" हे मी विचारलं.

"कोण बोलतंय? जहाजावर माल भरून न्यायचा, लोखंडी. उन्हात ठेवलाय. अजून थोडा शिजला की शिकवेल." मग त्याला शंका आली असावी. फोन बंद झाला.

युरानी खाली बसली, बाकावर नाही, जमिनीवर. लोसादा म्हणाला, सैन्यात अशी थट्टा चालते. एदिल्बेर्तो अजून फोन हातात धरून उभा होता. तो म्हणाला:

"बाबा, माझा कागद द्या. मला वाचायचाय."

"भरवसा नाही तुझा?"

"वाचायचाय."

मागे आणखी काही जण उभे राहिले. त्यांच्यातला एकही ओरडला नाही. मी आजवर लोसादाला पुष्कळ ऐकवलंय, पण तो त्या पोरांसमोर जेवढा लहान झाला तेवढा माझ्यासमोर कधी झाला नव्हता.

पाद्रीला मी सांगितलं, मोरितो आज मोरितोच राहील. त्याने मान डोलावली. मी पोर घेऊन बाहेर पडले. युरानी माझ्या मागून आली, बरोबरीने नाही.

१ जुलै

बस गेली. बरीचशी रिकामी, पण रिकामी नाही. तिघे चौघे चढलेच. एकाच्या आईने मला सांगितलं, तुमच्या नातवाला निवृत्तिवेतन तरी आहे. खरं आहे.

अर्धी रांग आली नाही. सणाच्या रविवारी पोर बाप्तिस्म्यावाचून घरी आणलं, सैतानाला दार उघडून दिलं, असं बोलतात. मोरितोला दुपारी खोकला आला. साधाच. मी कात्री पाहून आले, सरकली तर नाही ना. मानत नाही मी.

युरानी माझ्याशी बोलत नाही. पण आर्बेईचे सगळे जुने निरोप तिने पाद्रीला ऐकवले आणि त्याने ते बोगोताला कुणा वकिलीणबाईला पाठवले. हे मला पाद्रीकडून कळलं. पोरगी मला वाटते त्यापेक्षा टणक आहे.

९ जुलै

लोसादा आला. मागच्या दाराने, टोपी हातात. मी कॉफी दिली, साखर दिली नाही.

आर्बेईला डब्यातून काढलंय. बोगोताहून कुणीतरी प्रश्न विचारायला लागलंय, कंपनीला ते नकोय. तिकीट देतील. त्या बदल्यात त्याने एका कागदावर सही करायची आणि मी पुढच्या महिन्यात बाप्तिस्मा होऊ द्यायचा, सगळ्यांसमोर, लोसादाच धर्मबाप. आणि त्याला पुन्हा कोम्पाद्रे म्हणायचं. हे शेवटचं त्याने फार हळू सांगितलं. कंपनीला याचं काय असणार? हे त्याचं स्वतःचं होतं.

कागदाची प्रत त्याच्याकडे होती. मी म्हटलं, द्या. यावेळी कुणी माझ्या बोटाखालून ओढला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, त्याची कॉफी पार थंड झाली. त्यात लिहिलंय की आर्बेई पेर्दोमोने कुठलीही मुलं पाहिली नाहीत, कुणाला काही शिकवलं नाही, आणि कुणाला काही सांगणार नाही.

"तिकीट पाठवा," मी म्हटलं.

"आणि बाकीचं, कोमाद्रे?"

"सार्जंट, कॉफी प्या आणि जा."

तो दारात थांबला. म्हणाला, मलाही कुणीतरी वरून विचारतं. मलाही उत्तर द्यावं लागतं. त्या क्षणी मला त्याची दया आली असती. पण त्याने ते माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून म्हटलं, आणि तिथल्या भिंतीवर आर्बेईचा सैन्यातला फोटो आहे, धर्मबापाने काढलेला.

१४ जुलै

आर्बेईचा आवाज. ओळखू येईना आधी, सालपटं निघाल्यासारखा.

तो विमानतळाच्या गावात आहे. कागद समोर ठेवलाय, सही केली की पासपोर्ट मिळेल. करू का म्हणून विचारतो. मग म्हणाला की तो डब्यात असताना त्याच्या पोरांना ट्रकमध्ये भरून लढाईवर नेलं. डब्याच्या फटीतून त्याने पाहिलं. ती त्याने शिकवलेल्या रांगेत चढली, सरळ. परत आलेला ट्रक रिकामा होता.

"लेओआई, मी आलो की बाप्तिस्मा गुपचूप करू. सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेला, आपण चौघंच. मला कुणाचं तोंड बघायचं नाही. लोसादाला काय सांगायचं ते सांगू दे लोकांना. मी शिकवणं थांबवलं होतं ना शेवटी."

युरानी रडत होती आणि हसतही होती, येतोय, येतोय म्हणत. मी भट्टीचं दार लावलं, हात धुतले आणि तिला म्हटलं, फोन धर, मला बोलायचंय. तिने विचारलं, आजी, लागेल असं काही बोलणार आहात का. मी म्हटलं, हो. तिने फोन धरला. माझं झाल्यावर तिने पोराला खांद्यावर घेतलं आणि त्यातच म्हणाली, "आर्बेई, मीही पहिल्या बाकावर बसून ऐकणार आहे."

मी बोलले ते इथे लिहून ठेवते, कारण आवाज पुसला जातो.

आर्बेई, सही कर आणि ये. कागद त्यांचा, तोंड तुझं. तू डब्यात बसलास, ते मला माहीत आहे, त्यासाठी मी मरेपर्यंत तुला चांगली बिस्किटं आधी काढून देईन. पण त्याच्या आधी तू शिकवलंस, तेही झालंच आहे. गुपचूप काही होणार नाही. मोठ्या मिस्साला, भरलेल्या चर्चमध्ये. पाद्री विचारेल, या मुलाचं कोण बघणार. लोसादाने तोंड उघडायचं नाही, त्याच्याकडून त्याचं उत्तर मी आणि ती वकिलीणबाई काढू. युरानीने बोलायचं नाही, मीही बोलणार नाही. तू आधी वेदीकडे पाठ कर, गावाकडे तोंड कर आणि त्या ट्रकमधल्या पोरांचं सांग, सगळं. मग वळ आणि याचं, तुझ्या पोराचं, उत्तर दे. त्यांचं आधी, याचं नंतर, आणि दोन्ही तूच द्यायचं.